कूलर उलटा करून पाहावा

अकोल्यात मे महिन्यात ‘कूलर’ म्हटलं की खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्या लावलेला आणि दिवसभर घरघरणारा पत्र्याचा डबा डोळ्यांपुढे येतो. मागच्या उन्हाळ्यात मी तिथे गेलो ते संगणकातल्या कूलरसाठी. लग्नाच्या चित्रफिती संपादित करणाऱ्या माझ्या मित्राचा संगणक दुपारी मंदावत होता. सकाळी चाळीस मिनिटांत उरकणारं काम दुपारी तासाच्या पुढे जाई. दुकानदाराच्या सल्ल्याने त्याने प्रोसेसरवर दोन मनोऱ्यांचा, सहा हीट पाइपांचा भलामोठा कूलर बसवून घेतला होता, तरी फरक पडला नव्हता. मी कूलर उतरवला, उलटा केला आणि बुडावरचा, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली फट भरणाऱ्या थर्मल पेस्टचा ठसा पाहिला. एका कडेला पेस्ट दाबली जाऊन इतकी पातळ झाली होती की खालचा धातू दिसत होता. दुसऱ्या कडेला ती ट्यूबमधून पडली तशीच जाड गोळ्यात होती. एका बाजूचा स्क्रू पूर्ण आवळलेला, समोरचा अडीच आटे मोकळा. जुनी पेस्ट पुसून, नवी लावून दोन्ही स्क्रू आळीपाळीने आवळले. त्याच खोलीत, त्याच कामाला तापमान चौदा अंशांनी उतरलं.

त्या कूलरमध्ये काही खोट नव्हती. तांबं भरपूर होतं, पंखे चांगले होते. उष्णतेला प्रोसेसरवरून कूलरवर चढायला मात्र अर्धीच वाट मिळत होती. बाजारात कूलरविषयीचं बोलणं पाइप किती, पंखा केवढा, वजन किती, दिवे कोणत्या रंगाचे याभोवती फिरतं. गेल्या काही वर्षांत जुने-नवे बरेच कूलर सोडवून, काही करवतीने कापून पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की कूलरची पारख त्याच्या सांध्यांवर करावी. धातू धातूवर जिथे टेकतो, नळी पत्र्याला जिथे भिडते, पत्रा हवेला जिथे भेटतो, तिथे अंश वाचतात किंवा वाया जातात.

आधी उष्णता किती आहे ते पाहू. प्रोसेसर जेवढी वीज घेतो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट घेई. ॲल्युमिनियमचा छोटा ठोकळा आणि त्यावर चिमुकला पंखा एवढ्यावर त्याचं भागे. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘प्रेस्कॉट’ या नावाने ओळखला जाणारा पेंटियम ४ आला तेव्हा हा आकडा शंभर वॅटच्या पुढे गेला होता. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने त्याच्या पुढची ‘तेजस’ ही आखणी रद्द केली. वेग वाढवत नेण्याच्या शर्यतीला उष्णतेने बांध घातला आणि एका चिपमध्ये दोन, मग चार गाभे (कोअर) बसवण्याची वाट सुरू झाली. आज कोअर आय९-१४९००केसारखा प्रोसेसर पूर्ण जोरात २५३ वॅट घेतो, आणि ही सगळी उष्णता सुमारे अडीच चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यातून निघते. चौरस सेंटिमीटरला जवळपास शंभर वॅट झाले. घरातली हजार वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ दोनशे चौरस सेंटिमीटरचा धरला तर तिथे चौरस सेंटिमीटरला पाचच वॅट येतात, आणि त्या तळाला आपण बोट लावत नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत आठ गाभ्यांचा तुकडा सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा, म्हणजे हाताच्या बोटाच्या नखाहूनही लहान. म्हणून आजचा प्रश्न ‘उष्णता फार आहे’ एवढाच नाही. ती फार लहान जागेत कोंडलेली आहे, आणि तिथून तिला लवकर पसरवायचं आहे.

ती पसरली नाही तर काय होतं, हे सप्टेंबर २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाच्या एका गाजलेल्या चित्रफितीने जगाला दाखवलं. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरून हीटसिंक उचलून घेतला. पेंटियम ४ने स्वतःचा वेग उतरवला आणि तो जगला. एएमडीच्या त्या वेळच्या ॲथलॉनमधून मात्र धूर निघाला आणि तो क्षणांत गेला. त्यानंतर सगळ्याच प्रोसेसरांनी स्वतःला सांभाळायची युक्ती अंगी बाणवली. यात एक नवी अडचण दडलेली आहे. आता वाईट बसवलेला कूलर काही जाळत नाही, आवाज करत नाही, सूचना देत नाही. संगणक फक्त हळू होतो. मित्राने दोन महिने संपादनाच्या प्रणालीला दोष दिला तो यामुळेच.

सांध्याचा प्रश्न घरगुती संगणकाच्या आधीचा आहे. १९८० साली जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ या मोठ्या संगणकात एकेका ठोकळ्यावर शंभराहून अधिक चिप्स बसवलेल्या होत्या. सगळ्यांच्या माथ्यांची उंची तंतोतंत सारखी येणं शक्य नव्हतं, त्यामुळे वरून सपाट धातू ठेवला असता तर काही चिप्सना तो टेकलाच नसता. आयबीएमच्या अभियंत्यांनी प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा वेगळा दट्ट्या ठेवला, वरून पाणी फिरवलं, आणि दट्ट्यांभोवतीच्या पोकळीत हवेऐवजी हेलियम भरला. हेलियम हवेच्या साधारण सहापट उष्णता वाहून नेतो. केसाएवढ्या फटीतल्या हवेसाठी एवढा खटाटोप. मला तो आजही संगणकाच्या इतिहासातल्या सुंदर रचनांपैकी एक वाटतो, कारण त्यात दुखणं नेमकं ओळखलेलं आहे.

दुखण्याचं कारण साध्या आकड्यांत दिसतं. उष्णता वाहून नेण्याची ताकद मोजायच्या नेहमीच्या मापात तांब्याला सुमारे ४००, ॲल्युमिनियमला दोनशेच्या थोडं वर, बऱ्या थर्मल पेस्टला ८ आणि स्थिर हवेला ०.०२६ गुण मिळतात. प्रोसेसरवरच्या धातूच्या टोपीचं क्षेत्रफळ नऊ चौरस सेंटिमीटर धरू, उष्णता १५० वॅट. टोपी आणि कूलर यांच्यामध्ये ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाचा पेस्टचा थर असेल तर तो ओलांडताना सुमारे एक अंश खर्ची पडतो. तोच थर चौपट जाड राहिला तर चार अंश. आणि तिथे पेस्टच नसून ५० मायक्रॉन जाडीची हवा असती तर हिशेबाने तीनशे अंशांहून जास्त. उष्णता सगळ्या टोपीवर सारखी पसरत नाही, म्हणून प्रत्यक्षातले आकडे याहून मोठे येतात. प्रमाण मात्र हेच. दोन चांगल्या पेस्टांमधला फरक बहुतेक वेळा एखाद्या अंशात मावतो, नीट न आवळलेला स्क्रू मात्र दहा-पंधरा अंश खातो. महागड्या ट्यूबवर वाद घालणाऱ्यांनी तेवढा वेळ कूलर सोडवून ठसा पाहण्यात घालवावा.

ठसा वाचायला सोपा असतो. पेस्ट सगळीकडे पातळ आणि मधोमध सर्वांत पातळ, हा चांगला ठसा. मध्यभागी जाड पट्टा आणि कडा पुसलेल्या, तर कूलरचं बूड खोलगट आहे किंवा प्रोसेसर वाकलेला आहे. गॅसवर चालणारा बसक्या बुडाचा तवा इंडक्शनच्या शेगडीवर ठेवला की जे होतं तेच इथे होतं. बुडाच्या सपाटीची चाचणीही घरी करता येते. पोलादी पट्टी आडवी धरून तिच्या मागे दिवा ठेवायचा आणि फटीतून उजेड कुठे येतो ते पाहायचं. ही चाचणी केली की कळतं की चांगल्या कारखान्यांतली बुडं मुद्दाम किंचित फुगीर घडवलेली असतात, म्हणजे दाब नेमका चिपच्या डोक्यावर पडतो. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआने २०२४ मध्ये एनएच-डी१५ या आपल्या कूलरचा दुसरा अवतार आणला तेव्हा तो बुडाच्या फुगवट्यानुसार तीन प्रकारांत विकायला ठेवला: साधा, जास्त फुगीर आणि कमी फुगीर. खरेदीदाराने आपला प्रोसेसर पाहून बूड निवडायचं. बुडाच्या फुगवट्यातला बारीकसा फरक वेगळं उत्पादन म्हणून विकावा लागतो, यावरून सांध्याचं मोल कळावं.

ही वेळ येण्यामागे इंटेलच्या एलजीए १७०० या, मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायच्या बैठकीचाही वाटा होता. २०२१च्या अखेरीस आलेल्या या बैठकीत प्रोसेसर लांबट झाला आणि त्याला धरून ठेवणारी खटकी दोन्ही बाजूंना मधोमध दाबू लागली. त्यामुळे प्रोसेसर मध्ये किंचित वाकतो आणि त्याची टोपी खोलगट होते. वर कितीही उत्तम कूलर ठेवा, मध्यभागी पेस्टचं तळं साचणारच. थर्मल ग्रिझली आणि थर्मलराइट या कंपन्यांनी ती खटकी काढून तिच्या जागी चारी बाजूंनी सारखं दाबणारी ॲल्युमिनियमची चौकट विकायला काढली आणि अनेकांना त्याने काही अंश परत मिळाले. सांध्याची दुरुस्ती करणारा हा धातूचा साधा तुकडा कित्येक महाग पंख्यांहून कामाचा ठरला.

टोपीच्या खालीही एक सांधा असतो, आणि तो आपल्या हातात नसतो. सिलिकॉन आणि टोपी यांच्यामध्ये चांगल्या प्रोसेसरात इंडियम या मऊ धातूचं झाळकाम केलेलं असतं. २०१२च्या ‘आयव्ही ब्रिज’ पिढीत इंटेलने घरगुती प्रोसेसरांत तिथे पेस्ट भरली. हौशी लोक मग पात्याने टोपी उचकटून आतली पेस्ट बदलू लागले; यात कित्येक प्रोसेसर मेलेही. २०१८च्या नवव्या पिढीत झाळ परत आली. गॅलियमच्या मिश्रधातूची द्रवरूप पेस्टही याच खटपटीतून लोकप्रिय झाली. २०२०च्या प्लेस्टेशन ५मध्ये सोनीने तीच वापरली आहे. साध्या पेस्टपेक्षा ती कितीतरी पट सरस असते, पण तिच्यातून वीज वाहते आणि गॅलियम ॲल्युमिनियमला खाऊन टाकतो. ॲल्युमिनियमच्या बुडाखाली ती लावली तर काही दिवसांत बूड भुसभुशीत होतं. ज्याच्याकडे निकेलचा मुलामा दिलेलं तांबं आहे त्यानेच तिच्या वाटेला जावं.

मुलाम्याची गोष्ट आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई लावतात ती आंबटाशी त्याची गाठ पडू नये म्हणून. कूलरचं तांबं हवेने काळवंडू नये, कोकण-गोव्याच्या दमट खाऱ्या हवेत त्यावर हिरवट थर चढू नये, यासाठी निकेल. थंडाव्यात त्याने जाणवण्यासारखा फरक पडत नाही. आयुष्य मात्र वाढतं, आणि समुद्राकाठच्या घरात मी मुलामा नसलेला कूलर घ्यायला सांगणार नाही.

आता हीट पाइप. कूलरच्या रचनेतला हा सर्वांत हुशार भाग आहे. वरून पाहिला तर तांब्याची सहा मिलिमीटरची वाकवलेली कांडी. भरीव असेल असं वाटतं, पण कापली की आत पोकळी निघते आणि पोकळीच्या भिंतीला रवाळ तांब्याचा, ओल्या साखरेसारखा थर चिकटलेला दिसतो. पाणी चमचाभरही नसतं. आतली हवा काढून घेतलेली असल्याने ते पाणी शंभर अंशांची वाट पाहत नाही. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढवला की पाणी उशिरा उकळतं, इथे नेमकं उलट घडतं. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे पत्र्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते, आणि ते पाणी दिव्यातल्या वातीत तेल चढावं तसं त्या रवाळ थरातून मागे येतं. माठातलं पाणी पाझरून, वाफ होऊन माठ गार करतं. पाइपातली वाफ फक्त बाहेर न जाता परत येते. १५० वॅट वाहून नेण्यासाठी सेकंदाला सुमारे ६० मिलिग्रॅम पाण्याची वाफ व्हावी लागते, म्हणजे एक-दोन थेंब. तेवढ्या थेंबांची ये-जा तेवढ्याच जाडीच्या भरीव तांब्याला कितीतरी मागे टाकते.

जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी अशा रचनेचं पेटंट १९४०च्या दशकात घेतलं होतं, पण तेव्हा तिची गरज कुणाला भासली नाही. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती नव्याने शोधून काढली आणि हीट पाइप हे नाव रूढ केलं. अवकाशयानांसाठी ती हवी होती, कारण तिच्यात हलणारा भागच नाही. अलास्काच्या तेलवाहिनीखालची गोठलेली जमीन वितळू नये म्हणून तिच्या खांबांत याच तत्त्वावर चालणाऱ्या, अमोनिया भरलेल्या लाखाहून अधिक नळ्या १९७०च्या दशकात बसवल्या. तेव्हा कोणाला वाटलं असेल की हीच वस्तू पुढे लॅपटॉपात, फोनात आणि मित्राच्या टेबलाखाली येऊन बसेल?

पण पाइपालाही मर्यादा आहे आणि जाहिरातीत ती सांगत नाहीत. सहा मिलिमीटरची एक पाइप साधारण ३० ते ४० वॅट वाहते. त्यापुढे वात पुरेसं पाणी परत आणू शकत नाही, गरम टोक कोरडं पडतं आणि पाइपची साधी पोकळ नळी होते. ती चपटी केली, जास्त वळवली की क्षमता आणखी घटते. म्हणून पाइपांची संख्या मोजण्यापेक्षा त्या कुठून जातात ते पाहावं. काही स्वस्त कूलरांत पाइपच चपट्या घासून थेट प्रोसेसरवर टेकवतात. २०११च्या कूलर मास्टर हायपर २१२ इव्होने ही पद्धत घरोघरी नेली, आणि त्या काळच्या मोठ्या चिपवर ती छान चालली. त्यात चारही पाइपा एकमेकींना खेटून ठेवलेल्या होत्या, ही त्याची जमेची बाजू. स्वस्त नकलांत मात्र दोन पाइपांमध्ये ॲल्युमिनियमची पट्टी राहते, आणि चिप लहान असेल तर मधल्या दोनच पाइपा राबतात. कडेच्या दोन शोभेला. आजच्या रायझनमध्ये तर गाभ्यांचे तुकडे टोपीच्या मध्याखाली नसून एका बाजूला असतात. नॉक्टुआने २०२३ मध्ये कूलर सात मिलिमीटर सरकवून बसवणाऱ्या पट्ट्या काढल्या, आणि तेवढ्या सरकण्याने एक ते तीन अंश कमी झाले. तांब्याचं जाड, अखंड बूड असलेला आणि पाइपा त्यात झाळलेल्या असा कूलर मला अधिक भरवशाचा वाटतो, कारण बूड उष्णता सगळ्या पाइपांना वाटून देतं.

पाइप पुढे पत्र्यांच्या चळतीत शिरते तेव्हा पुढचा सांधा येतो, आणि बांधणीतला चोखपणा कुठे दिसत असेल तर तो इथे. या पत्र्यांना फिन म्हणतात. बहुधा ॲल्युमिनियमच्या, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. एका मनोऱ्यात बारा बाय पाच सेंटिमीटरच्या पन्नास फिन धरल्या तर दोन्ही बाजू मिळून सहा हजार चौरस सेंटिमीटर होतात, वर्तमानपत्राच्या जवळपास तीन पानांएवढ्या. अडीच चौरस सेंटिमीटरवरून इथपर्यंत उष्णता पसरवायची हे कूलरचं सगळं कार्य. आता प्रत्येक फिनमधल्या भोकातून प्रत्येक पाइप जाते. शेकडो भोकं. कारखाना एक तर पाइप जोराने दाबून बसवतो किंवा तिथे झाळ देतो. दाबून बसवणं स्वस्त आहे आणि उत्तम साच्यावर ते बरंच चांगलं होतं. पण साचा झिजला की भोक सैल होतं आणि काही वर्षं तापून-निवून फिन हलू लागतात. कडेची फिन बोटाने हळूच हलवून पाहा. ती पाइपावर खुळखुळत असेल तर ते पान उष्णतेच्या दृष्टीने फाटलेलं आहे. झाळलेल्या कूलरात पाइपालगत बारीक जादा भोक अनेकदा दिसतं, झाळेची पेस्ट तिथून भरलेली असते. पुण्याच्या तांबट आळीत भांड्याच्या कडेवरून बोट फिरवून जोड तपासणारा कारागीर पाहिला असेल, तर ही नजर कुठून घ्यायची ते कळेल.

एकेकाळी अशी बांधणी फक्त महागात मिळे. आता तसं राहिलं नाही, आणि मला ही गेल्या पाच वर्षांतली सर्वांत आनंदाची बाब वाटते. नॉक्टुआचा २०१४चा एनएच-डी१५ हा दोन पंख्यांसह १३२० ग्रॅम वजनाचा, सहा पाइपांचा कूलर अमेरिकेत शंभर डॉलरच्या आसपास विकला जाई आणि हवेच्या कूलरांत तो मापदंड मानला जाई. तैवानच्या थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हा दोन मनोऱ्यांचा, सहा पाइपांचा कूलर त्याच्या एक-तृतीयांश किमतीत आला, आणि स्वतंत्र चाचण्यांत दोघांमध्ये थोड्याच अंशांचं अंतर निघालं. मग महागातला पैसा कुठे जातो? पंख्यात, बसवण्याच्या साहित्यात, आणि नवी बैठक आली की तिच्यासाठीच्या पट्ट्या नॉक्टुआ जुन्या ग्राहकांना विनाशुल्क पाठवते त्यात. दहा वर्षं एक कूलर वापरणाऱ्याला तो पैसा परत मिळतो. तीन वर्षांनी सगळंच बदलणाऱ्याने स्वस्त घ्यावा.

पंख्याचं गणित कठोर आहे. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट, दाब चौपट, वीज आठपट, आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. हवा किती लागते हेही पाहू. तासाला ८५ घनमीटर हवा फिनांमधून गेली तर १५० वॅट घेऊन ती जेमतेम पाच अंशांनी तापते. म्हणजे हवा कमी पडत नाही. ती फिनला चिकटलेल्या मंद थराला किती ढवळते यावर काम ठरतं, आणि त्यासाठी घनदाट पत्र्यांतून हवा दाबून नेणारा पंखा लागतो. पात्याचं टोक आणि चौकट यांतली फट जितकी कमी तितका दाब कमी गळतो. नॉक्टुआच्या २०१८च्या एनएफ-ए१२x२५ या पंख्यात ही फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली. साधं प्लास्टिक वर्षानुवर्षं फिरून ताणलं जातं आणि एवढ्या फटीत पातं घासू लागेल, म्हणून वेगळं कडक बहुवारिक वापरावं लागलं. बेअरिंगचा मुद्दा आपल्या उन्हाळ्यात जास्त जाणवतो. साध्या बुशच्या पंख्यातलं तेल उष्णतेने लवकर सुकतं आणि पंखा घरघरू लागतो. द्रव दाबावर फिरणारं बेअरिंग किंवा दुहेरी बॉल बेअरिंग असेल तर तो अधिक टिकतो.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे, तर कूलरांच्या चाचण्या कशा वाचाव्यात तेही सांगतो, कारण इथे आपल्या वाचकाची फसगत होते. परदेशी चाचण्या बहुतेक २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. तिथे एखादा कूलर ७१ अंश दाखवतो तेव्हा त्याने खोलीपेक्षा पन्नास अंश जास्त राखले एवढाच त्याचा अर्थ. तो फरक कूलरचा, बाकीचे अंश खोलीचे. अकोल्याच्या दुपारी घरात चाळीस अंश आणि कॅबिनेटच्या आत आणखी पाच असतील, तर तोच कूलर त्याच कामाला ९५ दाखवेल, आणि रायझन ७०००ची मर्यादा नेमकी ९५ आहे. म्हणजे तिकडे ‘पुरेसा’ ठरलेला कूलर इकडे काठावर येतो. विदर्भ-मराठवाड्यात कूलर घेताना चाचणीतला फरकाचा आकडा घ्यावा आणि त्यात आपल्या घरातला मे महिना मिळवावा. एवढी बेरीज केली की अर्धे पर्याय आपोआप गळतात. दुसरा उपाय बिनखर्चाचा आहे: प्रोसेसरची वीजमर्यादा बायोसमध्ये उतरवणं. अनेक प्रोसेसर शेवटच्या चार-पाच टक्के वेगासाठी कितीतरी जास्त वीज ओढतात. मित्राच्या संगणकावर आम्ही ती मर्यादा उतरवली, आणि चित्रफितीला एक-दोन मिनिटं जास्त लागली एवढाच फरक.

पाण्याच्या कूलरविषयी थोडक्यात. पाणी उष्णता लांब नेतं, ती घालवत नाही. शेवटी रेडिएटरमधून हवाच ती घेते. मिनिटाला एक लिटर फिरणारं पाणी २०० वॅट घेऊन तीन अंशही तापत नाही, त्यामुळे मोठा रेडिएटर कॅबिनेटच्या छतावर नेऊन ठेवता येतो आणि मदरबोर्डवर वजन लटकत नाही. २५० वॅटच्या प्रोसेसरला तो शोभतो. पण त्यात पंप आहे, पंप झिजतो, आणि रबरी नळ्यांच्या भिंतींतून पाणी वर्षानुवर्षं कणाकणाने उडून जातं. पाच-सहा वर्षांनी तो पूर्ण बदलावा लागेल असं धरून चालावं. हवेच्या कूलरात बिघडण्यासारखा भाग एकच, पंखा, आणि तो स्वतंत्र मिळतो. घरगुती संगणकाला मी हवाच निवडतो. मोठ्या यंत्रांचा हिशेब वेगळा. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात पाणी थेट प्रोसेसरवरच्या पट्टीतून फिरवलेलं आहे, कारण तिथे शेकडो प्रोसेसर शेजारी-शेजारी असतात आणि एवढी तापलेली हवा खोलीतून उपसणंच महाग पडतं.

कूलर बसवण्याच्या साहित्याकडे खरेदीच्या वेळी कोणी पाहत नाही. २००४ साली इंटेलच्या एलजीए ७७५ बैठकीबरोबर प्लास्टिकच्या चार खिट्ट्यांची पद्धत आली. एक खिट्टी अर्धवट बसली तरी वरून कळत नाही आणि मदरबोर्ड वाकतो. याहून बरी पद्धत म्हणजे मागून धातूची बॅकप्लेट, पुढून स्प्रिंगचे स्क्रू, आणि स्क्रू एका ठरावीक जागी जाऊन अडतील अशी रचना. ती असली की किती आवळायचं हा निर्णय हाताच्या अंदाजावर राहत नाही. मित्राच्या कूलरला असा अडसर नव्हता, म्हणून अडीच आटे कुणाच्या लक्षात आले नाहीत. सव्वा किलोचा धातू उभ्या बोर्डावर आडवा लटकतो हेही ध्यानात ठेवावं. तयार संगणक एसटीच्या डिकीतून किंवा कुरिअरने पाठवायचा असेल तर असा कूलर उतरवून वेगळा बांधावा आणि पोचल्यावर नवी पेस्ट लावून बसवावा. ते जमणार नसेल तर कॅबिनेट आडवं ठेवून, बोर्ड खाली आणि कूलर वर उभा राहील असं न्यावं.

आणि धूळ. इचलकरंजीत यंत्रमागांच्या शेडला लागून असलेल्या एका हिशेबनिसाच्या कार्यालयात मी कूलर उघडला तेव्हा पंखा आणि फिन यांच्यामध्ये सुताच्या तंतूंची जाडजूड गादी तयार झालेली होती, कापडासारखी सोलून निघाली. संगणक आठ महिन्यांचा होता. बाहेरून पंखा फिरताना दिसत होता, फिनांपर्यंत मात्र हवा जातच नव्हती. तिथे आम्ही मुद्दाम विरळ फिनांचा, एका मनोऱ्याचा कूलर बसवला, ज्याचा पंखा दोन तारांच्या चिमट्यांवर धरलेला आहे. कार्यालयातला मुलगा आता दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चिमटे काढतो, पंखा बाजूला ठेवतो आणि रंगाच्या रुंद ब्रशने फिन झाडतो. पाच मिनिटांचं काम आहे.